शेपूट लांब होतं हो!

पेनसिल्व्हेनियात रानटी कूगर नाही, असं तिथलं गेम कमिशन, म्हणजे वन्यजीव खातं, म्हणतं. आहे, असं बाकी सगळे म्हणतात. बाकी सगळे म्हणजे टपाल टाकणारा, केस कापणारा, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या बाई, शाळेच्या बसचा ड्रायव्हर आणि माझ्या मुलीच्या शेजारी राहणारे एक निवृत्त प्लंबर. यातल्या प्रत्येकाने तो पाहिलाय. ज्याने स्वतः पाहिला नाही, त्याच्या मेव्हण्याने पाहिलाय, आणि मेव्हण्याची नजर म्हणे फार तीक्ष्ण.

कूगर म्हणजेच प्यूमा, म्हणजेच माउंटन लायन, आणि फ्लोरिडात गेलात तर पँथर. वाळलेल्या गवताच्या रंगाचा. ठिपका नाही, पट्टा नाही, आयाळ नाही. पूर्ण वाढलेला नर साठ-सत्तर किलोचा, आणि मागे दीड-दोन हात लांबीचं जाड शेपूट. कॅनडातल्या युकॉनपासून दक्षिणेला अँडीजच्या टोकापर्यंत त्याचा वावर आहे. पश्चिम गोलार्धात जमिनीवरच्या दुसऱ्या कुठल्या रानटी सस्तन प्राण्याचा मुलूख एवढा पसरलेला नाही. या मुलखातला एक मोठा तुकडा मात्र रिकामा झाला, तो अमेरिकेच्या पूर्व भागाचा. वसाहतवाल्यांनी तिथलं जंगल तोडलं, हरणं संपवली आणि कूगरच्या डोक्यावर बक्षिसं लावली. पेनसिल्व्हेनियातला शेवटचा 1874 च्या सुमारास गेला असं मानतात. व्हरमाँटमधला 1881 साली मारला आणि पेंढा भरून ठेवला. पूर्वेतला अगदी शेवटचा म्हणतात तो मेन राज्यात 1938 साली पडला. फ्लोरिडाच्या दलदलीत मूठभर उरले, तेवढेच.

आणि मग तो दिसायला लागला. हयात असताना कुणाच्या सहजी नजरेस पडत नव्हता, तो गेल्यावर परसात, पार्किंगमध्ये, गोल्फच्या मैदानावर दर्शन देऊ लागला.

यात लोकांची फारशी चूक नाही. पेन स्टेट विद्यापीठाचं मानचिन्ह निटनी लायन म्हणजे हाच प्राणी. 1942 पासून त्याचा चुनखडीच्या दगडातला पुतळा विद्यापीठाच्या आवारात बसलाय. टी-शर्टवर तो, कॉफीच्या मगवर तो, गाडीच्या मागच्या काचेवर तो. ज्या राज्यात नातवाच्या झबल्यापासून आजोबांच्या टोपीपर्यंत एकच जनावर छापलेलं आहे, त्या राज्यात तिन्हीसांजेला कुंपणापाशी काही हललं तर माणसाला काय दिसणार? ससा?

मी जुन्नर तालुक्यातला, आणि तालुक्याच्या कोर्टात बेंच क्लार्क म्हणून माझी सगळी नोकरी झाली. म्हणजे या प्रकरणात माझा अधिकार दुहेरी आहे, मांजराच्या बाजूनेही आणि साक्षीदाराच्या बाजूनेही. आमच्याकडे बिबट्या आहे की नाही असा वाद होत नाही. आज कुणाच्या उसात आहे, एवढाच होतो. रात्रीची लाइट आली की मोटर चालू करायला निघालेला माणूस उसावर बॅटरी मारतो, मोठ्याने खाकरतो, मोबाइलवर गाणी लावतो आणि पुढे होतो. परत आल्यावर ‘होता’ म्हणाला तर होता. त्याच्याकडे कुणी फोटो मागत नाही. मुलीकडे राहायला गेलो तेव्हा मला नवल वाटलं ते याचं, की मोठं मांजर पाहिलेला माणूस घाबरलेला नसतो, दुखावलेला असतो. त्याच्यावर कुणी विश्वास ठेवलेला नसतो.

प्लंबरसाहेबांची साक्ष मी त्यांच्या ओसरीवर बसून नोंदवली. जावई मध्ये मध्ये ‘बाबा, पुरे’ म्हणत होते, पण सवय जात नाही.

‘कुठे दिसला?’

‘मागच्या बाजूला. पाखरांना दाणे घालतो त्याच्या पलीकडे. साठ यार्डांवर.’

‘वेळ?’

‘अंधार पडत होता.’

‘किती वेळ दिसला?’

‘दोन सेकंद. तीन धरा.’

‘डोळ्यांवर चष्मा?’

‘होता. वाचायचा.’

‘मग कूगर आहे हे कशावरून ओळखलंत?’

ते खुर्चीत पुढे सरकले आणि दोन्ही हात फाकवून म्हणाले, ‘शेपूट लांब होतं हो!’

हे वाक्य सगळे साक्षीदार म्हणतात. त्याला कारण आहे. तिकडे बॉबकॅट नावाचं एक रानमांजर भरपूर आहे, आणि त्याचं शेपूट वीतभरही नसतं. त्यामुळे खात्याचा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो शेपटाचा. इतकी वर्षं हाच प्रश्न विचारल्यामुळे पेपरफुटीची गरजच उरलेली नाही. कोर्टात याला सूचक प्रश्न म्हणतात आणि समोरचा वकील लगेच उभा राहून हरकत घेतो. इथे हरकत घ्यायला कुणी नाही, त्यामुळे शेपूट दर सांगण्यागणिक वाढत जातं. ओसरीवर ते दोन हात होतं. ‘थँक्सगिव्हिंग’च्या जेवणापर्यंत टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं.

प्लंबरसाहेब खोटं बोलत होते का? मुळीच नाही. खोटा साक्षीदार फार सोपा असतो. उलटतपासणीत दुसऱ्या प्रश्नाला पाणी मागतो. अवघड असतो तो प्रामाणिक माणूस, ज्याने भलतंच काही पाहिलेलं असतं आणि जो गीतेवर हात ठेवून, खऱ्या खऱ्या डोळ्यांनी, ते तसंच सांगतो. त्याला तुम्ही हलवू शकत नाही. न्यायाधीशसुद्धा अशा वेळी घड्याळाकडे पाहतात.

या साक्षीदारांत एक मोठी पोटजात आहे, काळा कूगर पाहणाऱ्यांची. पूर्वेकडच्या राज्यांत ‘ब्लॅक पँथर’ पाहिल्याच्या तक्रारी ढिगाने येतात. अडचण एवढीच, की काळा कूगर आजवर कुणी मारलेला नाही, पकडलेला नाही, कुणाच्या कॅमेऱ्यात नि:संशय आलेला नाही. मोठ्या मांजरांत काळेपणा येतो तो बिबट्यात आणि जॅग्वारमध्ये. मी प्लंबरसाहेबांच्या मेव्हण्याला समजावलं, की काळा पाहायचा असेल तर आमच्या ताडोबाला या, तिथे काळा बिबट्या पर्यटकांनी दिवसाउजेडी पाहिलाय, फोटो काढलेत. मेव्हणा बराच वेळ विचारात पडला. मग म्हणाला, ‘मग तोच असेल.’

दुसरा घोळ आकाराचा. उघड्या माळावर, शेजारी खांब नाही, माणूस नाही, बादली नाही, अशा ठिकाणी मांजर केवढं आहे हे डोळ्याला कळत नाही. डोळा अंतर ठरवतो आणि मेंदू त्याला हवं तेवढं मांजर पुरवतो. ऑगस्ट 2012 मध्ये इंग्लंडातल्या एसेक्स परगण्यात, सेंट ओसिथ गावाजवळच्या शेतात लोकांना सिंह दिसला. कूगरसुद्धा नव्हे, थेट सिंह. पोलीस धावले, हेलिकॉप्टरं उडाली, प्राणिसंग्रहालयाची तज्ज्ञ मंडळी भुलीच्या बंदुका घेऊन आली. चोवीस तासांच्या आत शोध थांबला. तो सिंह बहुधा गावातलंच मेन कून जातीचं एक केसाळ पाळीव मांजर असावं, असं पुढे आलं. त्याचं नाव टेडी बेअर. मला त्या मांजराच्या मालकिणीपेक्षा हेलिकॉप्टरच्या वैमानिकाचं वाईट वाटतं. घरी गेल्यावर बायकोने ‘आज काय केलंत?’ विचारलं असेल.

म्हणून खात्याच्या लोकांची मला खरोखर कणव येते. त्यांच्याकडे येणारे फोटो कुत्र्यांचे असतात, कोल्ह्यांचे असतात, बॉबकॅटचे असतात, आणि फार मोठ्या प्रमाणात घरच्या मांजरांचे असतात. शिवाय कुठल्या तरी पश्चिमेकडच्या राज्यात मेलेल्या धिप्पाड कूगरचा एकच फोटो वर्षानुवर्षं फिरत असतो आणि प्रत्येक राज्यात ‘परवा आमच्या पुलाजवळ’ मरत असतो. पावलांचे ठसे येतात, ते बहुतेक कुत्र्याचे. कुत्र्याच्या ठशात नखं उमटतात, मांजर चालताना नखं आत ओढून घेतं आणि त्याच्या तळव्याला मागच्या कडेला तीन फुगवटे असतात, हे ते बिचारे दर आठवड्याला नव्या माणसाला फोनवर समजावतात. काही ठिकाणी तर खात्याचा माणूस खऱ्या मापाचा, पुठ्ठ्यात कापलेला कूगर घेऊन जागेवर जातो, मूळ फोटोतल्या जागी तो उभा करतो आणि त्याच कॅमेऱ्याने पुन्हा फोटो काढतो. मग फोटोतलं जनावर पुठ्ठ्याच्या गुडघ्याएवढं निघतं. पद्धत उत्तम आहे. फक्त पुठ्ठ्याचा कूगर काखेत मारून रानातून चाललेल्या सरकारी माणसाला पाहून त्या संध्याकाळी आणखी किती फोन येत असतील, अशी मला शंका आहे.

तरीही कधी कधी खरोखरीचा कूगर सापडतो. अशा वेळी खात्याकडे एक ठरलेलं उत्तर असतं, ‘कुणाचा तरी पाळलेला पळाला असेल.’ लोक या उत्तरावर फार चिडतात. पण हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही. अमेरिकेत हौसेने कूगर पाळणारे लोक होते आणि आहेत. स्कॉटलंडमध्ये 1980 साली कॅनिच गावाजवळच्या एका शेतकऱ्याने पिंजरा लावून खरोखर प्यूमा पकडला होता. तोवर त्याला सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. पकडलेली मादी निघाली, तिचं नाव फेलिसिटी ठेवलं, आणि हळूहळू लक्षात आलं की या रानटी श्वापदाला गुदगुल्या केलेल्या फार आवडतात. ती कुणाची तरी लाडावलेली लेक होती. आता ती इनव्हरनेसच्या संग्रहालयात पेंढा भरून उभी आहे. शेतकरी खरा ठरला आणि शंका घेणारेही खरे ठरले. असा निकाल मी नोकरीत कधी पाहिला नाही.

लोकांचं खात्यावरचं प्रेम एवढ्यावर संपत नाही. प्लंबरसाहेबांच्या मते कूगर खात्यानेच आणून सोडलेत. रात्री. हेलिकॉप्टरने. कारण? हरणं फार झालीत, ती गाड्यांवर आदळतात, विमा कंपन्यांना भरपाई द्यावी लागते, म्हणून विमा कंपन्यांनी खात्याला पैसे दिले. ही कथा मी जुन्नरला ऐकली होती. तिथे हेलिकॉप्टरच्या जागी वनखात्याची गाडी असते, विमा कंपन्या नसतात, आणि ‘इकडचे पकडून तिकडे सोडतात’ एवढंच असतं. निदान आमची कथा काटकसरीची आहे. तिकडच्या खात्यांनी हा आरोप कितीदा नाकारला असेल याला गणती नाही, पण सरकारने नाकारणं हाच आता पुरावा धरला जातो.

गंमत अशी, की विमा कंपन्यांचं गणित बिनबुडाचं नव्हतं. 2016 साली काही संशोधकांनी हिशेब मांडला, की पूर्वेकडच्या राज्यांत कूगर परत आले तर ते हरणं खातील, हरणं आणि गाड्यांची टक्कर सुमारे 22 टक्क्यांनी घटेल, आणि तीस वर्षांत 155 माणसांचे जीव वाचतील, 21,400 जण जखमी होण्यापासून वाचतील. म्हणजे ज्याच्या भीतीने लोक दाराला कडी लावतात तो परसात असला तर वाचतीलच जास्त. हा हिशेब मी प्लंबरसाहेबांना दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, ‘बघा. मी म्हणत होतो ना, पैसे दिलेत.’

आता दुसऱ्या बाजूचा, म्हणजे खात्याचा, खरा युक्तिवाद ऐका, कारण तो वजनदार आहे. फ्लोरिडात मोठे कूगर जेमतेम दोनशेच्या आसपास. 1995 साली तर ते वीस-तीसवर आले होते, तेव्हा टेक्सासहून आठ माद्या आणून सोडाव्या लागल्या. (उघडपणे. जाहीर करून. हेलिकॉप्टरची भानगड नाही.) एवढेसेच कूगर, पण दरवर्षी त्यांतले डझन-दोन डझन रस्त्यावर गाड्यांखाली मरतात. मग पेनसिल्व्हेनियात लोक म्हणतात तेवढे असतील, तर तिथले रस्ते त्यांना अपवाद का करतात? तिथे दर हिवाळ्यात लाखो शिकारी बंदुका घेऊन रानात उतरतात, झाडाझाडाला ट्रेल कॅमेरे बांधलेले आहेत, त्यात हरीण, अस्वल, रॅकून आणि शेजाऱ्याची बायको सगळे येतात. कूगर येत नाही. हा मुद्दा ऐकून प्लंबरसाहेब म्हणाले, ‘तो हुशार आहे.’ कॅमेऱ्याला हुलकावणी देणारा आणि त्यांच्या परसात दोन सेकंद पोज देणारा, असा तो हुशार.

फोटोचं एक वेगळंच आहे. स्टीव्ह विंटर या छायाचित्रकाराने लॉस एंजेलिसमध्ये हॉलिवूडच्या पाटीखालून चाललेल्या कूगरचा फोटो काढला, तो 2013 साली नॅशनल जिओग्राफिकमध्ये आला आणि जगभर गाजला. तो कूगर खरा होता, ग्रिफिथ पार्कमध्ये राहत होता, त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, त्याला पी-22 असा नंबर होता. एवढं सगळं असूनही त्या एका फोटोसाठी पंधरा महिने थांबावं लागलं. याच विंटरनी पुढे मुंबईत येऊन संजय गांधी उद्यानाच्या कडेने हिंडणारे बिबटे टिपले. ठाऊक असलेल्या मांजरासाठी पंधरा महिने, तर ठाऊक नसलेल्याचा फोटो हातातला चहाचा कप खाली न ठेवता कसा मिळेल, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

इथवर खटला सरकारपक्षाने जिंकल्यातच जमा होता. मग कनेटिकट झालं.

मार्च 2011 मध्ये अमेरिकेच्या मत्स्य आणि वन्यजीव सेवेने बराच अभ्यास करून जाहीर केलं, की पूर्वेकडचा कूगर ही उपजात नामशेष झाली आहे. फाइल बंद. त्यानंतर तीन महिन्यांनी, जूनच्या सुरुवातीला, कनेटिकटमधल्या ग्रिनिच या गडगंज गावात लोकांना कूगर दिसू लागला. अधिकाऱ्यांनी नेहमीचं उत्तर दिलं, पाळलेला पळाला असेल. 11 जूनला मध्यरात्रीनंतर मिलफर्डजवळ विल्बर क्रॉस पार्कवेवर एका गाडीने एका जनावराला धडक दिली. उतरून पाहतात तर कूगर. नर, वजन 140 पौंड, शेपूट लांब.

मेल्यावर त्याची जी चौकशी झाली तिची सर जिवंतपणी दिलेल्या कुठल्याही साक्षीला येणार नाही. अंगात मालकाने बसवलेली चिप नाही. नखं शाबूत, म्हणजे कुणाच्या दिवाणखान्यात वाढलेला नाही. कातडीखाली साळिंदराचे काटे. मग डीएनए मोंटानातल्या प्रयोगशाळेत गेला आणि जुलैमध्ये निकाल आला: हा साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्स डोंगरातला. पाळलेला नव्हे, आणि पूर्वेकडचाही नव्हे. पश्चिमेहून चालत आलेला, दीड हजार मैलांहून अधिक अंतर, मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि न्यूयॉर्क अशी राज्यं ओलांडत. तरुण नर घर सोडून मादी शोधत निघतात. हा निघाला तो अटलांटिक समुद्राच्या तोंडाशी येऊन पोचला. वाटेत मादी नव्हती. आमच्याकडे अशा तरुणाला निदान एखादी मावशी स्थळ तरी सुचवते.

माझ्या दृष्टीने यातला खरा रस पुढे आहे. तो मिनेसोटा-विस्कॉन्सिनमधून गेला हे कळलं कसं? तिथल्या बर्फात त्याने टाकलेल्या विष्ठेचे आणि केसांचे नमुने आधीच तपासलेले होते, ते याच्याशी जुळले. न्यूयॉर्क राज्यात लेक जॉर्जपाशी 2010 च्या डिसेंबरात एका निवृत्त वन्यजीव अधिकाऱ्याच्या पत्नीने आपल्या अंगणात कूगर पाहिला होता. नवरा बॅटरी घेऊन बाहेर पडला आणि त्याने पावलांचा माग काढला. तिथे मिळालेले केसही जुळले. या बाई आमच्या सगळ्या साक्षीदारांत भाग्यवान. त्यांना दिसलं ते खरं होतं, नवऱ्याने ऐकल्याबरोबर विश्वास ठेवला आणि तो पाहायलाही गेला. तिन्ही गोष्टी एकत्र मी तरी दुसऱ्या कुठे ऐकल्या नाहीत.

तर या खटल्यात पुराव्याचा क्रम असा लागतो. माणसाचा शब्द सगळ्यात खाली. फोटो त्याच्या वर, पण शेजारी काही माप असेल तरच. त्याच्या वर ठसा. त्याच्या वर केस. त्याच्या वर विष्ठा. आणि सगळ्यांच्या वर प्रेत. शिकागोत 2008 च्या एप्रिलमध्ये रॉस्को व्हिलेज या भरवस्तीत पोलिसांनी गोळ्या घालून एक कूगर मारला, तेव्हा कुठे तिथल्या लोकांना कूगर दिसत होता यावर शिक्कामोर्तब झालं. जिवंत कूगर अफवा, मेलेला कूगर नोंद. तीस वर्षं नळ जोडणाऱ्या, कर वेळेवर भरणाऱ्या माणसाच्या शपथेपेक्षा मांजराच्या विष्ठेचा शब्द मोठा, हे प्लंबरसाहेबांना झोंबतं, आणि मला त्यांचं दुःख कळतं. पण कोर्टात बसून एवढं शिकलो, की विष्ठा उलटतपासणीत फिरत नाही.

आमच्याकडेही असा एक चालणारा होऊन गेला. 2009 साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला बिबट्या वाचवून, डॉ. विद्या अत्रेय यांच्या चमूने कॉलर घालून माळशेज घाटात सोडला. नाव ठेवलं आजोबा. तो महिनाभरात शंभराहून अधिक किलोमीटर चालून, घाट उतरून, रूळ ओलांडून, खाडी पार करून मुंबईच्या संजय गांधी उद्यानात पोचला. पुढे त्याच्यावर मराठी सिनेमाही निघाला. 2011 मध्ये, म्हणजे कनेटिकटचा पांथस्थ गेला त्याच वर्षी, आजोबाही मुंबईजवळच्या महामार्गावर गाडीच्या धडकेने मेला. अंगातल्या चिपवरून ओळख पटली. फरक एवढाच, की आजोबा वाटेत ज्यांना दिसला असेल त्यांच्यापैकी कुणी ते सिद्ध करायला धडपडलं नसेल. अकोल्याच्या शेतांत, म्हणजे अकोले तालुक्यातल्या, विदर्भातल्या नव्हे, अत्रेयबाईंनी कॅमेरे लावले तेव्हा शंभर चौरस किलोमीटरला जवळपास पाच बिबटे निघाले. रात्री ज्या बांधावरून बिबट्या गेला त्याच बांधावरून सकाळी पोरं शाळेत गेली. आमच्याकडे माणसं बिबट्या पाहत नाहीत आणि तो असतो. पेनसिल्व्हेनियात पाहतात आणि तो नसतो.

कनेटिकटच्या कूगरने मात्र दोन्ही पक्षांना थोडं थोडं जिंकवलं आणि वाद दुप्पट झाला. सरकारचं म्हणणं, आमचा पूर्वेकडचा नामशेषच आहे, हा बाहेरगावचा. त्यांनी 2018 च्या जानेवारीत त्याला संकटग्रस्त यादीतून रीतसर काढूनही टाकलं. लोकांचं म्हणणं, दिसला ना? मग आम्ही सांगत होतो ते काय वेगळं होतं? कायदेशीर दृष्ट्या सरकार बरोबर आहे. पण ग्रिनिचमध्ये ज्यांना ‘पाळलेला असेल’ म्हणून वाटेला लावलं, त्यांची माफी कुणी मागितल्याचं माझ्या वाचनात नाही.

या सगळ्यात जीवशास्त्राचा खरा प्रश्न एकच आहे, आणि तो शेपटाचा नाही. मादी आहे का? एकटा नर कुठेही जाईल, मरेल आणि संपेल. मादी सहसा आईच्या मुलखाजवळ राहते, तिला एवढी लांबची ओढ नसते. म्हणून मादी आणि पिल्लं दिसल्याशिवाय कूगर ‘परतले’ असं कुणी शहाणा म्हणत नाही. मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पात 2008 पासून शंभरावर नोंदी खात्रीच्या ठरल्या, तरी खातं तेच म्हणत होतं, हे येणारे-जाणारे आहेत. मार्च 2025 मध्ये तिथल्या ऑन्टोनागॉन काउंटीत कूगरच्या दोन पिल्लांचे फोटो मिळाले. खात्याची माणसं जागेवर गेली आणि त्यांनी मान्य केलं. राज्यातला शेवटचा कूगर 1906 साली मारला गेला होता. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी पिल्लं. जिथे लोक पुरावा घेऊन गेले तिथे सरकार मुकाट्याने मान्य करतं, हे प्लंबरसाहेबांनी ऐकलं, आणि त्यांचा चेहरा पडला. मग हेलिकॉप्टरचं काय करायचं?

माझा निकाल असा. मिशिगनमध्ये सिद्ध. कनेटिकटमध्ये सिद्ध, पण मयत. पेनसिल्व्हेनियात आरोपीवर हजर असल्याचा आरोप आहे आणि तो संशयाचा फायदा देऊन फेटाळण्यात येत आहे. प्लंबरसाहेबांनी हवं तर अपील करावं.

तेव्हा पूर्वेकडच्या राज्यांत मुलाबाळांकडे राहायला जाणाऱ्या वाचकांनो, कूगर खरोखर समोर आलाच तर पळू नका. पाठ दाखवू नका, हात वर करून मोठे दिसा, मोठ्याने बोला आणि हळूहळू मागे सरका. तो गेला की ठशाशेजारी सहा इंची पट्टी ठेवून फोटो घ्या, वेळ लिहून ठेवा, कुंपणाला केस अडकले असतील तर कागदी पाकिटात घाला, आणि सगळं आधी खात्याला पाठवा. घरच्या ग्रुपवर आधी टाकलंत, तर जुन्नरहून पाच मिनिटांत उत्तर येईल: ‘बरं. वासरू आत बांधलंय ना?’